मुंबई ते गोवा, शिडाच्या छोट्या यॉटने: सोलापुरात बसून आखणी कशी करायची

सोलापूरहून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती हर्णै आणि दाभोळच्या मधे कुठेतरी समुद्राला भिडते. आपला अक्षांश साधारण १७ अंश ४० मिनिटं, दाभोळचा १७ अंश ३५. रेखांशात मात्र पावणेतीन अंशांचा फरक आहे, म्हणून तिथे सूर्य आपल्यापेक्षा अकरा-एक मिनिटं उशिरा मावळतो. एरवी या अकरा मिनिटांचं कुणाला काही नसतं, पण अनोळखी खाडीच्या तोंडाशी उजेड संपत आलेला असताना ती मोलाची असतात.

हा लेख ज्यांनी थोडंफार शीड हाताळलंय, एखादा कोर्स केलाय आणि आता चार जण मिळून लांबची सफर करावी म्हणताहेत, त्यांच्यासाठी आहे. बोट २८ ते ३२ फुटांची, तळ पाण्यात दीडेक मीटर, पोटात लहान डिझेल इंजिन, असं धरून चाललोय. आणखी एक गोष्ट धरून चाललोय आणि तिच्यात सूट नाही: सोबत एक जण असा हवा ज्याने हा किनारा शिडाने आधी केलेला आहे. आखणी तुम्ही करा, शेवटचा शब्द त्याचा राहू द्या.

आधी महिना

जून ते सप्टेंबर हा प्रश्नच नाही. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीसुद्धा बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधव समुद्रात उतरतात ते दणकट बोटी आणि पिढ्यांची माहिती घेऊन. त्यांचं पाहून आपण उतरायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर दिसायला छान, पण अरबी समुद्रातल्या वादळांचा तो एक हंगाम आहे. नोव्हेंबर २००९ मधलं फयान कोकणात अजून कुणी विसरलेलं नाही. दुसरा हंगाम मे-जूनचा: तौक्ते मे २०२१ चं, निसर्ग ३ जून २०२० चं.

उरतो डिसेंबरचा मध्य ते मार्चचा मध्य. माझं मत विचाराल तर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला येतात. पहाटे जमिनीवरून मतलई वारा हलका वाहतो आणि समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, तासभर शीड नुसतं फडफडतं. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि चार वाजेपर्यंत वाढत जातो. गोव्याच्या दिशेने चाललात तर हा वारा पाठीमागून, थोडा बाजूने मिळतो. पहिली सफर उत्तरेकडून दक्षिणेलाच करायची ती याचसाठी.

एक धोका मात्र कॅलेंडरवर दिसत नाही. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ सरकला की त्यामागून कोकण किनाऱ्यावर उत्तरेचे जोरदार वारे दोन-तीन दिवस लागून राहतात आणि मासेमारीच्या बोटीही बंदरात थांबतात. असे दिवस येणारच असं धरून मोकळे दिवस हाताशी ठेवा. सोमवारी ड्युटीवर हजर व्हायचंय म्हणून रविवारी कसंही करून गोवा गाठायचा, यासारखी वाईट आखणी नाही. परतीचं तिकीट आधी काढू नका. मोकळे दिवस देता येत नसतील तर रत्नागिरीपर्यंतच जा. रत्नागिरी ते सोलापूर, व्हाया कोल्हापूर, मिरज, मंगळवेढा, असा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग थेट आहे.

अंतर मोजणं आणि टप्पे पाडणं

समुद्रावरचा मैल १८५२ मीटरचा, आणि तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. म्हणून नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेवरच्या अक्षांशाच्या पट्टीवर कर्कटक लावून अंतर घ्यायचं. वरच्या-खालच्या रेखांशाच्या पट्टीवर कधीही नाही. नवखे हमखास तिथे घोळ घालतात. नकाशे देहरादूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे घ्या. मोबाइलवरचं अ‍ॅप सोबत असू द्या, पण टेबलावर अंथरून चौघांनी वाकून बघायला कागदच लागतो.

मुंबई ते गोव्यातलं आग्वाद, किनाऱ्याच्या वळणांसकट सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास भरतं. छोटी यॉट चांगल्या वाऱ्यात साडेपाच नॉट, म्हणजे ताशी साडेपाच सागरी मैल, पळते, पण आखणी साडेचारनेच करा. मुंबई ते मुरुड-जंजिरा आणि शेजारची दिघीची खाडी, चाळीसेक मैल. तिथून दाभोळ पंचेचाळीस. दाभोळ ते जयगड सतरा, जयगड ते रत्नागिरी वीस. रत्नागिरी ते विजयदुर्ग तीस. विजयदुर्ग ते देवगड अकरा, देवगड ते वेंगुर्ला सदतीस, वेंगुर्ला ते आग्वाद पंचवीस. हे आकडे अदमासाचे आहेत, तुमचे तुम्ही मोजा. पहिल्या दिवशी चाळीस मैल जास्त वाटले तर रेवदंड्याजवळ, कोर्लईच्या आडोशाला मुक्काम टाकता येतो.

या यादीत मालवण मुद्दाम नाही. सिंधुदुर्गाभोवतीच्या बुडीत खडकांनी किल्ल्याचं रक्षण केलं ते उगाच नाही. तिथे स्थानिक माणूस बोटीवर घेतल्याशिवाय शिरू नका. वेंगुर्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात आठ-नऊ मैलांवर वेंगुर्ला रॉक्स ही बेटं-खडकांची रांग आहे, तिच्यावर दीपगृह आहे. त्या रांगेच्या आतून जायचं की बाहेरून, हे देवगड सोडण्याआधीच ठरलेलं असावं.

मुक्कामाची जागा निवडताना एक साधा नियम: वारा वायव्येचा असेल तर भूशिराच्या दक्षिणेला किंवा आग्नेयेला आडोसा मिळतो. मग ती जागा कितीही देखणी असो, वायव्येला उघडी असेल तर रात्रभर हेलकावे खात बसाल. विजयदुर्ग मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. वाघोटण खाडीच्या तोंडाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा बांध, आडवा येत नाही, पाणी खोल आहे, आत शिरलं की समुद्र विसरायला होतं. आंग्र्यांच्या आरमाराने ते ठाणं का धरून ठेवलं होतं, ते बोटीतून आत शिरताना कळतं.

खरी आखणी उलटी करायची

नवखा माणूस विचारतो, किती वाजता निघायचं? विचारायला हवं ते हे: त्या खाडीच्या तोंडातून आत जायला सुरक्षित वेळ कोणती? ती वेळ काढा, तिथून प्रवासाचे तास मागे मोजा, निघण्याची वेळ आपोआप मिळते.

कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बार असतो: सावित्रीच्या तोंडाशी बाणकोटला, वाशिष्ठीच्या तोंडाशी दाभोळला. पावसाळ्यानंतर वाळू सरकते, म्हणून नकाशावरची खोली जशीच्या तशी खरी मानू नका. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून वायव्येचा वारा आला की बारवर लाटा उभ्या राहून फुटतात, आणि शांत दुपारीसुद्धा तिथे बोट आडवी होऊ शकते. शिरायचं ते चढत्या भरतीला, शक्यतो तिच्या दुसऱ्या अर्ध्यात. तळ टेकलाच तर पुढच्या अर्ध्या तासात पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर बारा तास तिथेच.

किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा, रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे. वेळ बंदरागणिक सरकते आणि हा हिशेब तासाभराने चुकू शकतो, म्हणून अंतिम आकडा सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्या. पण कुठला आठवडा निवडायचा हे ठरवायला दाते पंचांग पुरतं, आणि ते तर आपल्या सोलापुरातूनच निघतं.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पहाटे निघून संध्याकाळी पोचणाऱ्याला दोन्ही वेळी खाडीच्या तोंडाशी पाणी कमीत कमी मिळणार. वर त्या दिवसांत उधाण, म्हणजे प्रवाहही जोराचे. अष्टमीच्या आसपास सगळं उलटं होतं. भरती पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, भांगाचे, म्हणजे पाण्याच्या कमी चढउताराचे दिवस असल्याने प्रवाह मवाळ. पहाटे भरल्या पाण्यात बाहेर पडा, दुपारी चार-पाचला चढत्या पाण्यात आत या. आणि अष्टमी वद्य पक्षातली असेल तर मध्यरात्री उगवलेला चंद्र पहाटे पाचला डोक्यावर असतो, जाळ्यांचे बोये, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, दिसायला त्याचा उजेड मिळतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच मावळून जातो.

म्हणून मी सफर वद्य षष्ठीला मुंबईहून सुरू करतो. सप्तमीला दाभोळ, अष्टमीला जयगड, नवमीला रत्नागिरी. दशमी विश्रांतीची, हवी तर माणसं बदलायची. एकादशीला विजयदुर्ग. पुढे अमावास्येकडे जाताना ओहोटीच्या वेळा अडचणीच्या होत जातात, पण तोवर तुम्ही बारच्या खाड्या मागे टाकलेल्या असता आणि दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरकही मुंबईपेक्षा बराच कमी असतो. गोव्यात पोचताना मात्र मांडवीच्या तोंडाचा बार लक्षात ठेवा. पाणी कमी असेल तर आग्वादच्या आडोशाला नांगर टाकून थांबा.

भांगाच्या दिवसांचा एक तोटा आहे: भरतीचं पाणी उधाणाइतकं चढत नाही. तेव्हा हिशेब करा. बोटीचा तळ दीड मीटर पाण्यात, लाटेच्या उसळीसाठी एक मीटर, वाळू सरकलेली असेल म्हणून आणखी एक: झाले साडेतीन. नकाशावर बारवर अडीच मीटर लिहिलेलं असेल तर त्या वेळी भरतीचं पाणी निदान एक मीटर चढलेलं हवं. गणित जमत नसेल तर ते बंदर सोडून द्या. मधल्या वेळेचं पाणी काढताना हे ध्यानात ठेवा की सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं, पहिल्या आणि शेवटच्या तासात जेमतेम बारावा हिस्सा.

एका टप्प्याचा एक कागद

प्रत्येक टप्प्यासाठी एक पान करा, प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. दिघी ते दाभोळचं पान साधारण असं दिसेल. अंतर ४५, वेग साडेचार, वेळ दहा तास. वद्य सप्तमी, संध्याकाळची भरती सव्वापाचच्या सुमारास. बारवर पोचायचं तीन ते साडेचारच्या मधे, म्हणून निघायचं पहाटे पाचला. दीड तासाची ढील राहते, ती वारा पडला तर इंजिनच्या भरवशावर न राहता वापरायची. अर्ध्या वाटेवरची पळवाट हर्णै, सुवर्णदुर्गाच्या आडोशाला. निर्णयाची जागा: दुपारी बाराला हर्णैच्या पुढे गेलेलो नसलो तर दाभोळ रद्द, तिथेच थांबायचं. ही ओळ आदल्या रात्री लिहिलेली असावी, कारण दुपारी दमलेली माणसं स्वतःची समजूत फार छान घालतात.

त्याच पानावर दीपगृहांच्या चमकण्याची पद्धत उतरवून घ्या, प्रत्येकाची वेगळी असते. बोये ओळखण्याचा नियमही लिहा: भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. अंधार पडल्यावर अनोळखी बंदरात पहिल्यांदा शिरायचं नाही. उशीर झालाच तर किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात रात्र काढणं जास्त सुरक्षित.

जाळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या किनाऱ्यावर खडकांपेक्षा त्यांचाच त्रास जास्त. रायगडच्या भागात डोलीची जाळी खुंटांना बांधून प्रवाहात सोडलेली असतात. दक्षिणेकडे पाण्यात लांबच लांब पसरलेली जाळी, दोन्ही टोकांना बोये आणि काठीवर फडकं. दोन बोयांमधून कधी जायचं नाही, वळसा घालायचा. मासेमारी करणाऱ्या बोटीला वाट देणं शिडाच्या बोटीवर कायद्यानेही बंधनकारक आहे. तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, हात करून बाजू दाखवत असेल तर तो तुमच्यावर ओरडत नाही, जाळं कुठे आहे ते सांगतोय. पंख्यात जाळं अडकलंच तर इंजिन ताबडतोब बंद. पाण्याखाली वापरायचा चष्मा आणि दातेरी सुरी हाताशी ठेवा.

बाराच्या सुमारास वारा फिरण्याआधीच मोठं शीड एक पट्टा आखडून घ्या. पाठीमागून वारा असताना शीड अचानक दुसऱ्या बाजूला फेकलं जाऊन बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, डोक्यात बसतो, म्हणून तो दोरीने पुढे बांधून ठेवायचा.

कागद, फोन आणि किनाऱ्यावरचा माणूस

२६ नोव्हेंबर २००८ नंतर किनाऱ्यावरची सुरक्षा कडक झाली आहे आणि ती तशीच असायला हवी. बोटीची नोंदणी, विमा, प्रत्येकाचं ओळखपत्र, निघण्याआधी बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे दिलेली माहिती, हे सगळं एका फाइलमध्ये. छोटी बंदरं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहेत. तटरक्षक दलाने व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, हाक दिली तर लगेच उत्तर द्या. सोळा नंबरचं चॅनल दिवसभर चालू ठेवायचं, संकटाची हाकही त्यावरच. परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रं मागवू नका. भारतात सरकारी परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे, आणि गोव्यात पर्यटकांना त्यापायी अटक झालेली आहे.

हवामानासाठी दोन जागा रोज बघायच्या: हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा, आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज. दोघांपैकी एकानेही नको म्हटलं की बंदरात थांबायचं. बरा म्हणणारा तिसरा शोधत बसू नका.

आता सोलापुरात राहणाऱ्या माणसाचं काम. घरातलं एक शांत डोक्याचं कुणीतरी निवडा, वहिनी असोत की काका. त्यांच्याकडे सगळ्या टप्प्यांच्या पानांची प्रत, बोटीचा फोटो, रंग, माणसांची नावं. पोचलो की मेसेज करायचा. ठरलेल्या वेळेनंतर तीन तास काहीच आलं नाही तर त्यांनी आधी कप्तानाला, मग बंदर कार्यालयाला आणि लागलीच १५५४ या तटरक्षक दलाच्या नंबरवर फोन करायचा. ही वेळ आकड्यात लिहून द्या. नुसतं 'उशीर झाला तर बघ' म्हटलं की माणूस एक तर नऊ वाजल्यापासून रडत बसतो, नाही तर सकाळपर्यंत गप्प.

सामान

पाणी माणशी रोज चार लिटर, आणि एक दिवसाचं जास्तीचं, वेगळ्या कॅनमध्ये. डिझेल लागेल त्याच्या दीडपट. खाण्याच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान: कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना फ्रिज लागत नाही, गॅस लागत नाही, बोट हलत असताना एका हाताने खाता येतं. डबा मात्र हवाबंद हवा, दमट हवेत कडक भाकरी दोन दिवसांत मऊ पडते. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ती उलटी व्हायच्या आधी, निघण्याआधी घ्यायची असते. पहिल्या दिवशी रिकाम्या पोटी निघू नका.

आपली चादर घरीच ठेवा. सुती कापडात एकदा खारं पाणी मुरलं की ते मिठामुळे पुन्हापुन्हा दमट होतं, वाळतच नाही. फेब्रुवारीच्या पहाटे समुद्रावर चांगलीच थंडी असते, तिथे पातळ लोकरीचा स्वेटर आणि वरून वाऱ्याला अडवणारं जाकीट चालतं.

लाइफ जॅकेट डेकवर कायम अंगात. २१ मे २०२४ ला करमाळ्याच्या कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. ते धरणाचं पाणी होतं. रात्री आणि पहाटे जॅकेटसोबत बोटीला बांधणारा पट्टाही हवा.

सराव

शीड, दोर, गाठी, बोट वाऱ्यात वळवणं हे मुंबईच्या सेलिंग क्लबमध्ये किंवा गोव्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्समध्ये शिकता येतं. टेबलावरचं काम मात्र इथेच होतं. चौघांनी चार रविवार एकत्र बसून प्रत्येकाने स्वतंत्रपणे एकाच टप्प्याचं पान तयार करा आणि मग ताडून बघा. वेळा जुळल्या नाहीत तर कारण सापडेपर्यंत उठू नका. मग सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघा, सकाळी मुंबईत उतरून एक पूर्ण दिवस बंदरातच बोट चालवा, नांगर टाका-उचला, प्रत्येकाने पडलेला माणूस वर घेण्याचा सराव करा. या दिवशी ज्याला खूप त्रास झाला त्याने रत्नागिरीला रस्त्याने येऊन मिळावं, यात कमीपणा नाही.

परतीचं सांगायचं राहिलं. गोव्याहून मुंबईला येताना तोच वायव्येचा वारा तोंडावर असतो. सरळ पंचवीस मैल जायला वाऱ्यात वेड्यावाकड्या फेऱ्या मारत चाळीसेक मैल पाणी कापावं लागतं, नाही तर पहाटेच्या शांत वेळात इंजिनवर जावं लागतं. दिवस दुप्पट लागतात आणि डिझेलही. बोट भाड्याची असेल तर ती गोव्यातच सोपवायची बोलणी आधी करा. मालकीची असेल तर गोव्यात ठेवायची जागा आणि भाडं मुंबई सोडण्याआधी पक्कं करा, आणि परतीसाठी पुढची वद्य अष्टमी धरा.